वाटाण्याचं रोप, माकडवाला आणि माझी एक पुसलेली कॅसेट

शेवगावहून बोलतोय. मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं की तुम्ही नेहमी गढ्या, बारवा, शिलालेख यांच्यावर बोलता, कधीतरी सिनेमावर बोला. आता सिनेमावर बोलणारे भरपूर आहेत आणि माझ्यापेक्षा चांगले आहेत. पण मी वीस वर्षं लग्नाचं शूटिंग केलंय. कॅमेरा खांद्यावर घेऊन हळदीपासून पाठवणीपर्यंत उभा राहिलेला माणूस आहे मी. म्हणून म्हटलं, सिनेमाचा एक कोपरा असा घेऊ जिथं माझ्या धंद्याचा थोडा उपयोग होईल. तो कोपरा म्हणजे प्राणी, पक्षी आणि झाडं. कॅमेऱ्यासमोर ती पहिल्यांदा कधी आली आणि त्या फिल्मांचं पुढं काय झालं?

हा विषय निघाला की आपल्याला आफ्रिकेतले सिंह आणि बीबीसी आठवतं. त्यात गैर काही नाही. पण आपल्याकडची गोष्ट मुंबईत गिरगावात सुरू होते, आणि ती चांगलीच जुनी आहे.

७ जुलै १८९६ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या सिनेमॅटोग्राफचा खेळ झाला, हे तुम्हाला माहीत असेल. आगगाडी येते, कारखान्यातून कामगार बाहेर पडतात, अशी अगदी छोटी चित्रं होती ती. ते खेळ पाहून एक मराठी माणूस पेटला. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, सगळे त्यांना सावेदादा म्हणत. त्यांचा फोटोग्राफीचा व्यवसाय होता. त्यांनी लंडनहून एक कॅमेरा मागवला, किंमत २१ गिनी. त्या कॅमेऱ्यावर त्यांनी पहिली फिल्म घेतली ती हँगिंग गार्डनमधल्या कुस्तीची. पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी हे दोन पैलवान. फिल्म धुवायची सोय इथं नव्हती, म्हणून ती लंडनला पाठवली आणि तिकडून तयार होऊन आली. साल १८९९.

इतिहासाच्या पुस्तकात कुस्तीवर एक वाक्य असतं आणि पुढं अर्धं वाक्य दुसऱ्या फिल्मवर. मला थांबायचंय ते त्या अर्ध्या वाक्यावर. सावेदादांची दुसरी फिल्म होती माकडांना खेळ शिकवणाऱ्या माणसाची. म्हणजे बघा, एका भारतीय माणसाने आपल्या हाताने कॅमेरा चालवायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच खेपेला त्याच्यासमोर प्राणी आला. तो काही जंगलातला नव्हता, रस्त्यावरचा होता, गळ्यात दोरी बांधलेला.

याला वन्यजीवपट म्हणायचं का? काटेकोर माणूस म्हणेल, नाही. मी म्हणतो, का नाही? आपल्याकडं माणूस आणि जनावर यांचं नातं असंच होतं ना! नंदीवाला, दरवेशी, माकडवाला, गारुडी. आमच्या शेजारी पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथांची यात्रा भरते. तिला भटक्यांची पंढरी म्हणतात. गाढवांचा बाजार तिथला प्रसिद्ध. लहानपणी त्या यात्रेत माकडाचा खेळ पाहिलाय मी. माकड हातात काठी घेऊन सासुरवाडीला निघायचं, रुसायचं, परत यायचं. पुढं १९९८च्या सरकारी अधिसूचनेनं अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्या खेळावर बंदी आली. ती यायलाच हवी होती, त्यात दुमत नाही. पण त्या माणसाची शिकवण्याची पद्धत काय होती? तो माकडाशी कोणत्या इशाऱ्यांनी बोलायचा? पिढ्यान्‌पिढ्यांचं ते ज्ञान होतं, त्यातलं वाईट आणि चांगलं सगळं धरून. आज ते कुठं पाहायचं? १८९९मध्ये सावेदादांनी ते फिल्मवर घेतलं होतं. ती फिल्म आज नाही.

हे वाक्य आज मी पुन्हा पुन्हा म्हणणार आहे, सवय करून घ्या.

आता दुसरी गोष्ट. ही सगळ्यात मजेशीर.

दादासाहेब फाळके. जन्म ३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वर. जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला, बडोद्याच्या कलाभवनात पुढचं शिक्षण, मग फोटोग्राफी, पुरातत्त्व खात्यात नोकरी, छापखाना, जादूचे प्रयोग. चाळिशी गाठलेला आणि धंद्यातून बाहेर पडलेला माणूस. त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि पडद्यावर त्यांना राम आणि कृष्ण दिसायला लागले, ही गोष्ट शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. पण त्याच्या आदल्या दिवशी काय झालं?

चरित्रांमधून हकिगत येते ती अशी. १४ एप्रिल १९११. फाळके आपला थोरला मुलगा भालचंद्र याला घेऊन गिरगावातल्या अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये गेले. खेळाचं नाव होतं ‘अमेझिंग ॲनिमल्स’. आपण अजब प्राणी म्हणू. पडद्यावर जिवंत, हलणारी जनावरं! पोरगं घरी आलं आणि त्याने आईला, सरस्वतीबाईंना, सगळं सांगितलं. घरात कुणाचा विश्वास बसेना. मग फाळके दुसऱ्या दिवशी सगळ्या घरादाराला घेऊन तिथंच गेले. पण ते दिवस ईस्टरचे. त्या वर्षी ईस्टरचा रविवार १६ एप्रिलला होता. त्यामुळे खेळ बदललेला. प्राण्यांच्या जागी येशू ख्रिस्त.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

आता, यात तारखेचा घोळ आहे हे सांगायला पाहिजे. फाळक्यांनी पुढं १९१७-१८मध्ये ‘नवयुग’ मासिकात भारतीय चित्रपटावर लेख लिहिले, आणि त्यांच्या आधाराने लिहिणारे हा प्रसंग १९१०च्या नाताळातला धरतात. दोन्ही तारखा पुस्तकांतून फिरत असतात. माझा कल एप्रिलकडं आहे, कारण त्या हकिगतीत ईस्टर आणि खेळ बदलणं हे एकमेकांना धरून आहे. पण तारीख कुठलीही घ्या, घरात जी गोष्ट सांगितली गेली तिच्यात आधी प्राणी आहेत, देव नंतर. एका लहान मुलाचं म्हणणं आईला खरं वाटलं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा तिकिटं काढली गेली. पुढं हाच भालचंद्र ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये रोहिदास झाला.

आणि मंडळी, पहिल्या दिवशीच्या त्या खेळात नेमके कोणते प्राणी होते? हत्ती होते की सील? सर्कशीतले होते की रानातले? त्या काळात असे छोटे-छोटे तुकडे एकत्र जोडून खेळ करत आणि रीळ झिजलं की टाकून देत. त्याच्यावर ‘जपून ठेवा’ असं कुणी लिहिलेलं नसतं.

यानंतर फाळके झपाटले. मिळेल तो सिनेमा पाहायचा, घरी बारीकसं खेळण्यातलं यंत्र आणून रात्र-रात्र रिळं बघत बसायचं. झोप नाही. डोळ्यांवर परिणाम झाला, काही काळ दिसेनासं झालं. डॉ. प्रभाकर नावाच्या डॉक्टरांच्या उपचारांनी दृष्टी परत आली. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या आणि १ फेब्रुवारी १९१२ला लंडनला निघाले. तिथं सेसिल हेपवर्थचा स्टुडिओ पाहिला, विल्यमसन कॅमेऱ्याची मागणी नोंदवली, फिल्म आणि भोकं पाडायचं यंत्र घेतलं आणि १ एप्रिलला परत. दोन महिन्यांत सगळं.

मोठा सिनेमा काढायचा तर पैसा पाहिजे. पैसेवाला म्हणणार, आधी दाखवा काय येतं ते. तेव्हा फाळक्यांनी काय दाखवलं? देव नाही, नाच नाही, कुस्ती नाही. एका कुंडीत वाटाणे पेरले आणि कॅमेरा समोर लावला.

फिल्मचं नाव ‘अंकुराची वाढ’. बी फुगतं, कोंब येतो, पानं उघडतात, वेल चढते. महिना-सव्वा महिन्याची वाढ पडद्यावर जेमतेम एका मिनिटात. हे पाहून यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहारे यांनी कर्ज द्यायची तयारी दाखवली. काही जण ही फिल्म लंडनच्या आधीची मानतात, पण तिच्यावर पैसा उभा राहिला याबद्दल वाद नाही. म्हणजे भारतीय चित्रपटाला भांडवल मिळवून दिलं ते वाटाण्याच्या एका रोपाने.

आता इथं माझ्यातला शूटिंगवाला जागा होतो. सगळीकडं लिहिलेलं असतं, ‘फाळके रोज एक चौकट घ्यायचे, महिनाभर’. मी एकदा कागद-पेन्सिल घेऊन बसलो. त्या काळची फिल्म सेकंदाला साधारण १६ चौकटी अशी चालायची. रोज एक चौकट, महिन्याच्या ३० चौकटी. किती वेळ चालेल? दोन सेकंदही नाही! डोळा मिचकावला की संपलं. एक मिनिट पाहिजे तर १६ गुणिले ६०, म्हणजे ९६० चौकटी. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चौकटी बसतात, म्हणजे बरोबर ६० फूट फिल्म. ९६० चौकटी ३० दिवसांत बसवायच्या तर रोज ३२. फक्त बारा तासांच्या उजेडात काम केलं तर साडेबावीस मिनिटांनी एक. रात्रंदिवस केलं तर पाऊण तासाला एक.

दुसरी शक्यता अशी की ते हँडल एकदा फिरवत असतील. त्या वेळच्या कॅमेऱ्यात हँडलच्या एका फेऱ्याला आठ चौकटी जायच्या. रोज एक फेरा, तीस दिवस, २४० चौकटी, पंधरा सेकंद. रोज चार फेरे केले की मिनिट भरलं. हे जास्त माणसातलं वाटतं. सकाळी उठल्यावर एक, जेवायच्या आधी एक, चहाला एक, दिवेलागणीला एक. पण मग पडद्यावर रोप धक्के खात वाढताना दिसलं असतं. त्यांनी कसं केलं हे फिल्म हातात असती तर पाच मिनिटांत कळलं असतं. चौकटी मोजायच्या, सावली कुठून कुठं सरकते ते पाहायचं, मातीचा ओलावा पाहायचा, पाणी कधी घातलं तेही कळलं असतं. कुंडी हलली असेल तर ती कुणाच्या धक्क्याने हलली याचा अंदाज आला असता, कारण घरात लहान पोरं होती!

ती फिल्म नाही. म्हणून ‘रोज एक चौकट’ हे वाक्य पुस्तकातून पुस्तकात जात राहतं आणि गणित कुणी करत नाही. फिल्म हरवते म्हणजे काय, तर हे. जागेवर एक गोड गोष्ट उरते आणि ती तपासायचं साधन राहत नाही.

त्याच सुमारास लंडनमध्ये पर्सी स्मिथ नावाचा माणूस हेच करत होता. त्याची ‘बर्थ ऑफ अ फ्लॉवर’ १९१०ची. फुलं उमलताना दाखवणारी. सरकारी कचेरीतला कारकून होता हा गृहस्थ, नाद लागला तो कीटकांचा आणि झाडांचा. फाळक्यांच्या वाटाण्याची आणि स्मिथच्या फुलांची जात एकच. फरक एवढाच की स्मिथची फिल्म आज ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या संग्रहात आहे आणि कुणीही पाहू शकतो.

पण थांबा, इथं लगेच ‘आपल्याकडं कदरच नाही’ हे सुरू करू नका. हे रडगाणं मला आवडत नाही, आणि ते अर्धवट खरं आहे. ब्रिटनमध्ये ऑलिव्हर पाइकने १९०७मध्ये ‘इन बर्डलँड’ नावाची पक्ष्यांवरची फिल्म काढली. तिकीट काढून आलेल्या लोकांना दाखवलेली तिथली पहिली वन्यजीव फिल्म म्हणून तिचं नाव घेतात. तीही हरवली. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात तिथले सुमारे ७० टक्के मूक कथापट नाहीसे झालेत असं निघालं. म्हणजे सगळ्या जगात हे झालं. का झालं?

एक कारण त्या फिल्मच्या पोटातच होतं. जुनी फिल्म सेल्युलोज नायट्रेटची. बंदुकीच्या दारूच्या जातीतला पदार्थ तो. एकदा पेटली की स्वतःचा प्राणवायू स्वतः तयार करते, पाण्यात बुडवली तरी जळत राहते. न पेटता नुसती ठेवली तरी उष्णतेने आणि ओलीने सडते. आधी चिकट होते, मग फेस येतो, मग डब्यात तपकिरी भुकटी उरते. मुंबईची हवा तर तिच्या जिवावरच उठलेली. १९५०च्या सुमारास जगभर नायट्रेट बंद झालं आणि ॲसिटेट आलं. त्याला म्हणायचे सुरक्षित फिल्म. पेटण्यापासून सुरक्षित, हो. पण तिला वेगळा रोग, आंबट वास येऊन ती आक्रसते. व्हिनेगरसारखा वास. डबा उघडल्याबरोबर नाकाला झोंबतो.

दुसरं कारण चांदी. फिल्मच्या लेपात चांदी असते. सिनेमा चालून गेला, पुढं कुणी विचारत नाही, डबे जागा अडवतात, वर आग लागायची भीती. मग भंगारवाला येतो, फिल्म धुऊन चांदी काढतो आणि उरलेल्या पट्टीच्या बांगड्या होतात. यात कुणी खलनायक नाही. घरभाडं द्यायचंय, डबे पडून आहेत, विकून टाकले. आपण काय वेगळं केलं असतं?

मी तर वेगळं केलं नाही, ते पुढं सांगतो.

फाळक्यांनी प्राणी-झाडं इथंच सोडली असंही नाही. कथापटांबरोबर दाखवायला ते छोट्या फिल्मा काढत. काड्यापेटीतल्या काड्या हलवून केलेली ‘आगकाड्यांची मौज’, तळेगावच्या काच कारखान्यावरची फिल्म, अशा. आणि १९१९च्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांनी साप उभा केला. तो बनवलेला साप, त्यांच्या मुलीने, मंदाकिनीने, कृष्ण होऊन त्याच्याशी पाण्यात लढायचं. म्हणजे मराठी पडद्यावर प्राणी आला तो पुराणातून आला. पुढं प्रभातच्या ‘माया मच्छिंद्र’मध्ये, १९३२ साली, दुर्गाबाई खोटे राणी झाल्या आणि त्यांच्यासोबत चित्ता दिसतो. तो चित्ता मात्र खरा. कोल्हापूर संस्थानात तेव्हा शिकारीसाठी चित्ते पाळत, आफ्रिकेतून आणून. हिंदुस्थानातले रानातले चित्ते तोवर जवळजवळ संपले होते, १९५२मध्ये तर ते नामशेष झाल्याचं जाहीरच झालं. तेव्हा ‘माया मच्छिंद्र’ पुन्हा पाहाल तेव्हा राणीकडं बघाच, पण त्या जनावराची चालसुद्धा बघा.

रानातल्या प्राण्यांकडं इथं कॅमेरा घेऊन गेले ते बहुतेक साहेब लोक, आणि बरोबर बंदूक असायचीच. १९२३मध्ये आर्थर व्हर्नी आणि कर्नल फॉन्थॉर्प यांची मोहीम निघाली, न्यूयॉर्कच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयासाठी जनावरं मारून न्यायला. सोबत जॉर्ज डायट हा कॅमेरा घेऊन. त्या चित्रणाची पुढं १९२९मध्ये ‘हंटिंग टायगर्स इन इंडिया’ ही बोलती फिल्म झाली, आणि मारलेली जनावरं पेंढा भरून त्या संग्रहालयाच्या दालनात उभी राहिली. ते दालन १९३०मध्ये उघडलं, आजही आहे, दोघांच्या नावाने. संग्रहालयाला कातडी आणि हाडं पाहिजे होती, फिल्म हा जोडधंदा. आज उलटं झालंय. पेंढा भरलेला वाघ कुठंही मिळेल, पण शंभर वर्षांपूर्वीचं हलतं रान पाहायला अभ्यासकाला फिल्मच लागते. गवत किती उंच होतं, हत्ती किती होते, हाकारे घालणाऱ्या माणसांच्या अंगावर काय होतं. त्या हाकाऱ्यांची नावं मात्र फिल्मवर नाहीत.

आता आपल्या पुण्याकडं येऊ.

लंडनची नॅशनल फिल्म लायब्ररी १९३५ची, पॅरिसची सिनेमाथेक १९३६ची. आपलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात फेब्रुवारी १९६४मध्ये सुरू झालं. सावेदादांच्या माकडापासून मोजलं तर ६५ वर्षांनी. फाळके जाऊन वीस वर्षं झाली होती, ते १६ फेब्रुवारी १९४४ला नाशिकला गेले.

या संग्रहालयात पी. के. नायर नावाचा माणूस आला. केरळचा, पण आयुष्य पुण्यात गेलं, २०१६मध्ये तिथंच वारला. १९९१ला निवृत्त होईपर्यंत त्याने सुमारे १२ हजार चित्रपट गोळा केले. कसे? गोदामं, बंद थेटरं, निर्मात्यांच्या वारसांची घरं, भंगारवाले. रात्री-बेरात्री ट्रकवर डबे टाकून आणायचे. नाशिकला फाळक्यांच्या घरच्यांकडं गेले आणि जे होतं ते घेऊन आले. ‘कालिया मर्दन’ तुकड्या-तुकड्यांत मिळाला, तो त्यांनी फाळक्यांच्या टिपणांच्या आधारे क्रमाने लावला. आज तो पाहता येतो तो त्यामुळे. ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिली आणि शेवटची रिळं मिळाली, तीही १९१३ची की १९१७मध्ये पुन्हा काढलेल्या आवृत्तीची यावर अभ्यासक भांडतात. आणि वाटाणा? तो नायरांच्या पिशवीतही आला नाही.

नायरांवर शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी २०१२मध्ये ‘सेल्युलॉइड मॅन’ नावाचा माहितीपट केलाय. बघा. मला त्यातली एकच गोष्ट खूप आवडते, त्यांचं धोरण. हे चांगलं, हे वाईट असं ठरवायला मी कोण, मिळेल ते ठेवायचं. संग्राहकाला हे धोरण परवडत नाही, कारण जागा संपते. पण दुसरं कुठलं धोरण घेतलं असतं तर गल्लाभरू मारामारीपट आणि जाहिराती आज राहिल्याच नसत्या. निसर्गाच्या फिल्मा तर नाहीच नाही. त्यांना ना नट ना गाणं, त्या आठवणार कुणाला?

८ जानेवारी २००३ला पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात, म्हणजे जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत, नायट्रेट ठेवलेल्या गोदामाला आग लागली. जुन्या फिल्मांच्या मूळ प्रती गेल्या. बऱ्याच चित्रपटांच्या सुरक्षित प्रती आधी काढून ठेवल्या होत्या म्हणून चित्रं राहिली. पण मूळ ते मूळ. प्रतीची प्रत काढत गेलं की पानावरची शीर मऊ होत जाते, पिसातला धागा दिसेनासा होतो. माणसाचा चेहरा त्यातून ओळखू येतो, पक्ष्याची जात येईलच असं नाही.

मुंबईत पेडर रोडला गुलशन महालात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, २०१९ला उघडलं. पोरांना घेऊन जाण्यासारखं आहे, मी गेलो होतो. फाळके आहेत, सावेदादा आहेत. काचेआड जुने कॅमेरे बघून माझे हात शिवशिवले. हँडलवाला कॅमेरा बघितला की कळतं, वाटाण्यासमोर महिनाभर हे धूड एका जागी न हलवता ठेवणं म्हणजे काय होतं. दिवसाआड कुणीतरी झाडू मारताना पाय लावणारच ना!

तर आता माझं.

आमच्या तालुक्याच्या उत्तरेला नाथसागर. लालबहादूर शास्त्रींनी १८ ऑक्टोबर १९६५ला जायकवाडीची पायाभरणी केली, २४ फेब्रुवारी १९७६ला इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचं उद्घाटन झालं. पैठण, शेवगाव, नेवासा, गंगापूरकडची गावं पाण्याखाली गेली. आणि पाणी उथळ, पसरट, गाळाचं, त्यामुळे दोन-पाच वर्षांत थंडीला पक्षी येऊ लागले. १९८६मध्ये पक्षी अभयारण्य जाहीर झालं. रोहित येतात, ज्याला कुणी अग्निपंख म्हणतं, कुणी सरळ फ्लेमिंगो. बदकं तर मोजायला बसू नये एवढी.

१९९६चा जानेवारी. मी नुकताच व्हीएचएसचा कॅमेरा घेतला होता, कर्जाने. एरंडगावच्या बाजूला एका नातेवाइकाकडं गेलो असताना सकाळी पाण्यावर रोहित दिसले. किती म्हणून सांगू! मी कॅमेरा काढला आणि तास-सव्वा तास घेतलं. चरताना, उडताना, माणसं गाळातून चालत जाताना आणि पक्षी थोडेसेच बाजूला होताना. काठावर पाणी उतरलं होतं आणि एका जुन्या घराच्या भिंतीचा दगडी कोपरा वर आला होता, त्याच्यावर बगळे. तेही घेतलं.

फेब्रुवारीत लग्नाची तिथी दाट. कोऱ्या कॅसेटी संपल्या. नगरला जायला वेळ नाही. फळीवर हात गेला, जी लागली ती कॅमेऱ्यात घातली. माझीच चूक, दुसऱ्या कुणाची नाही. कॅसेटवर चिठ्ठी लावलेली नव्हती. लावली असती तरी, खरं सांगू, घातली असती. लग्नाचे पैसे मिळणार होते. पक्ष्यांचे कोण देणार?

फाळक्यांच्या रिळांची चांदी काढणाऱ्या माणसाला म्हणूनच मी नावं ठेवत नाही.

मागच्या वर्षी जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर घ्यायला बसलो. ज्यांची लग्नं त्यांनी प्रती नेल्या होत्या, माझ्याकडं शूटिंगच्या मूळ कॅसेटी उरलेल्या, अर्ध्यांना बुरशी. चांगला चालणारा व्हीसीआर मिळवण्यातच चार महिने गेले, कारण दुरुस्त करणारेच राहिले नाहीत. हेड साफ करायचं, कॅसेट आधी पुढं-मागं गुंडाळून मोकळी करायची, मग एकदाच चालवायची, कारण दुसऱ्यांदा चालेल याची खात्री नाही. तर त्या लग्नाची कॅसेट चालू होती, मी जेवायला गेलो होतो. लग्न संपलं, पाठवणी झाली, नवरीची जीप धुळीत गेली. मग पडद्यावर मुंग्या आल्या. आणि मुंग्यांनंतर पाणी.

लग्न कॅसेटीच्या आधी संपलं होतं. शेवटचा तुकडा पुसायचा राहून गेला होता. ५२ सेकंद. मी मोजले. कोपऱ्यात तारीख, जानेवारी ९६. पक्षी उडतात, कॅमेरा त्यांच्या मागं जातो, डळमळतो, कारण मी तेव्हा शिकाऊ होतो. मग तो खाली येऊन त्या दगडी कोपऱ्यावर थांबतो. वारा माइकमध्ये घुसलाय, आणि मागं माझ्या मावसभावाचा आवाज, ‘अरे चल ना, चहा निवला.’

मी त्या तुकड्याच्या तीन प्रती केल्या. एक घरी, एक पुण्याला मुलीकडं, एक पक्षी मोजणाऱ्या एका मित्राकडं. त्याने चित्र थांबवून-थांबवून १४० रोहित मोजले, पण त्याला जास्त रस निघाला तो भिंतीत. म्हणाला, पाण्याची पातळी त्या दिवशी किती होती ते या दगडावरून काढता येईल, फक्त ते घर कुणाचं आणि कुठल्या गावचं ते कळलं पाहिजे. मी काठावरच्या दोन म्हाताऱ्यांना मोबाइलवर दाखवलं. एक म्हणाला, मारुतीच्या देवळामागचं. दुसरा म्हणाला, छे, ते वेशीकडचं. दोघंही पुन्हा-पुन्हा लावायला सांगत होते. पक्ष्यांकडं दोघांनीही बघितलं नाही.

ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी नाथसागराच्या काठचं जुनं काही असेल, लग्नाच्या कॅसेटीच्या शेवटी, जत्रेच्या, शाळेच्या सहलीच्या, तर चालवून बघायच्या आधी मला एक फोन करा. बुरशी असेल तर व्हीसीआरमध्ये घालू नका, फिती अडकून तुटतात. आणि कॅसेट उभी ठेवा, आडवी नको.

पुढच्या भागात घोटणच्या मल्लिकार्जुनाच्या देवळाकडं जाऊ. येतो.